चिठ्ठीतून निवडलेले साठ इंदूरकर

शहराच्या मास्टर प्लानचा मसुदा जाहीर झाला की त्यावर दावे-आपत्ती, म्हणजे हरकती-सूचना, मागवतात. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमात त्यासाठी तीस दिवसांची मुदत ठेवलेली आहे. या तीस दिवसांत अर्ज घेऊन कोण जातं? ज्याच्या प्लॉटवरून रस्ता आखलाय तो, ज्याची जमीन हिरव्या पट्ट्यात अडकली तो, प्लॉट पाडून विकणारा कॉलनायझर, दोन-चार निवृत्त इंजिनिअर आणि ज्यांना वकील परवडतो असे लोक. यात गैर काही नाही, ज्याचं जळतं त्याला कळतं. पण सुदामानगरात चार घरची धुणीभांडी करणारी बाई, भंवरकुआँला खोली घेऊन पीएससीचा अभ्यास करणारा मुलगा, सांवेर रोडच्या कारखान्यातला पाळीवरचा कामगार यांच्यापैकी कुणी तिथे जात नाही. अधिकारी तक्रारी ऐकायला बसतात त्या मंगळवारच्या जनसुनवाईतही हे लोक आलेच तर स्वतःच्या नळाची नाहीतर रेशन कार्डाची तक्रार घेऊन येतात, शहराच्या तीस वर्षांची नाही.

जे आपणहून येत नाहीत त्यांना चिठ्ठी टाकून बोलवायचं, अशी एक पद्धत आहे. पन्नास ते दीडशे सामान्य नागरिक सोडतीने निवडायचे, त्यांना त्या दिवसांचं मानधन द्यायचं, विषयाच्या सगळ्या बाजू त्यांच्यापुढे मांडायच्या, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याकडून लेखी शिफारशी घ्यायच्या. नागरिक सभा म्हणू या. आयर्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष अशी सभा बसली. गर्भपातबंदीसारखा पक्षांना हात लावायला नको असलेला विषय तिने पाच शनिवार-रविवारांत हाताळला, आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवायच्या बाजूने मत दिलं. बेल्जियमच्या जर्मनभाषक भागात २०१९ पासून अशी व्यवस्था कायमची आहे. आपल्याकडे २००१ साली आंध्रातल्या मेदक जिल्ह्यात ‘प्रजातीर्पू’ झालं. तिथे छोट्या शेतकऱ्यांनी, त्यातही बहुतेक बायकांनी, राज्याच्या ‘व्हिजन २०२०’ ची उलटतपासणी घेतली होती.

यावर बोलताना उत्तरमेरूरचा दाखला हमखास येतो. कांचीपुरमजवळच्या या गावात ९१९ आणि ९२१ सालचे चोळकालीन शिलालेख आहेत. तीस वॉर्ड, ताडपत्रावर नावं, मडकं, आणि चिठ्ठी काढायला लहान मुलगा. पात्रतेच्या अटीही कोरलेल्या आहेत: वय ३५ ते ७०, गेल्या तीन वर्षांत समितीवर नसलेला, आणि पूर्वी हिशेब न दिलेला माणूस व त्याचे नातेवाईक बाद. हिशेबाची ती अट आज कुठल्या समितीला लावली तर किती जण उरतील, हा प्रश्न सोडून देऊ. मडक्यात नाव पडायला मात्र स्वतःची जमीन, स्वतःचं घर आणि वेदाचं ज्ञान लागायचं. म्हणजे सोडत होती, पण मोजक्या ब्राह्मण जमीनदारांतली. मडक्यात कुणाची नावं पडतात यावरच सगळं ठरतं, आणि आजही घोळ तिथेच होतो. सोडत दहा मिनिटांत उरकते. ती करण्याआधीचे दोन महिने आणि अहवालानंतरचे तीन महिने नीट गेले नाहीत तर मधली सभा म्हणजे नुसता चहा-समोशाचा कार्यक्रम.

विषय कुठला घ्यावा? खड्डे, दिवे, कचरागाडीची वेळ यांना पार्षद (नगरसेवक) आणि झोन ऑफिस पुरेसं आहे. ज्या निर्णयाचा खर्च आज आणि फायदा वीस वर्षांनी, किंवा उलट, तिथे ही पद्धत कामाची. पाच वर्षांनी तिकीट मागायला जाणाऱ्याला असा निर्णय परवडत नाही. चिठ्ठीतून आलेल्याला तिकीट नकोच असतं.

इंदूरला असा विषय म्हणजे पाणी. १९३९ चा यशवंतसागर तलाव शहर वाढलं तसा पुरेनासा झाला आणि १९७८ मध्ये नर्मदा आली. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाइपातून, पाचशे मीटरहून जास्त उंचीवर चढवून. पाणी चढवायचं म्हणजे वीज, आणि त्या विजेच्या बिलासाठीच नगर निगमने २०२३ मध्ये ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून २४४ कोटी उभे केले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प करायला. १९७९ च्या नर्मदा लवादाने मध्य प्रदेशला १८२.५ लाख एकर-फूट पाणी दिलं खरं, पण ४५ वर्षांनंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकतो असंही त्यातच लिहिलंय. ती मुदत २०२४ ला संपली. तेव्हा २०५० चं इंदूर किती नर्मदेवर, किती तलाव-बोअरिंगवर आणि किती सांडपाणी शुद्ध करून चालवायचं, हा प्रश्न मोकळाच आहे.

सभेपुढचा प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे आणि त्यात काहीतरी सोडावं लागलं पाहिजे. ‘इंदूरला भरपूर व शुद्ध पाणी कसं मिळेल?’ हा प्रश्न नव्हेच, त्याला नाही कोण म्हणेल? ‘२०५० पर्यंत पाण्याचे कोणते स्रोत, कोणत्या क्रमाने वाढवायचे, आणि त्याचा खर्च पाणीपट्टी, मालमत्ता कर व कर्ज यांत कसा वाटायचा?’ हा चालेल. शेवटचा तुकडा काढला तर सगळे मिळून सगळंच मागतील.

आता सोडत. साठ माणसं का? समजा एखाद्या गटाचं प्रमाण शहरात १२ टक्के आहे. बारा जणांची समिती सोडतीने निवडली तर त्यात त्या गटातलं कुणीच नसण्याची शक्यता २१ टक्क्यांच्या वर जाते. साठ जणांत ती दोन हजारांत एक होते. शंभर घेतले तर आणखी चांगलं, पण दर टेबलाला चर्चा चालवणारा एक चालक लागतो आणि चांगले चालक दहाच्या वर मिळणं कठीण. तरी नुसती सोडत पुरत नाही. साठांत बायका तीसच्या आसपास येतील, पण ‘आसपास’ म्हणजे २२ ते ३८ मध्ये कुठेही. म्हणून सोडत दोन टप्प्यांत करतात.

पहिल्या टप्प्यात पत्ते. मतदार यादी हाताशी असते, बूथवार असते, वय आणि लिंग त्यातच असतं. पण भाडेकरू, बाहेरगावचे विद्यार्थी, परवा लग्न होऊन आलेली सून त्यात नसतात. मालमत्ता कराच्या यादीत तर भाडेकरू आणि झोपडीवाला मुळातच नाही. म्हणून यादीतून माणूस न घेता पत्ता घ्यायचा. शहराच्या ८५ वॉर्डांतून ३० बूथ निवडायचे, मोठ्या बूथला तितकी जास्त संधी देऊन. प्रत्येक बूथमधून ४० पत्ते, म्हणजे १,२०० दारं. त्या दारामागे आज जे राहतात त्यांची, भाडेकरू धरून, वयाच्या क्रमाने यादी करायची, आणि आधीच छापून आणलेल्या यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून एक जण ठरवायचा. परदेशात ‘ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला तो’ असा सोपा नियम लावतात. आपल्याकडे आजीचा वाढदिवस आधार कार्डावर १ जानेवारी असतो, तेव्हा तक्ताच बरा.

इथून पुढे कामाचा खरा कस लागतो. पत्र पाठवून भागत नाही. युरोपातसुद्धा पत्राला शंभरात मोजकीच उत्तरं येतात, आणि ती शिकल्यासवरल्यांची. इथे दारात उभं राहावं लागतं. दोघा-दोघांच्या दहा जोड्या, त्यात एक बाई असलीच पाहिजे, आणि बारा दिवस. एका दारी तीन खेपा: एक सकाळी, एक संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी. कुलूप असलं म्हणून शेजारचं दार वाजवायचं नाही. पत्र एका पानाचं, हिंदीत, महापौर आणि आयुक्त दोघांच्या सहीचं, खाली झोन ऑफिसचा नंबर, म्हणजे खात्री करायची असेल तर करता येते. या टप्प्यावर आधार, बँक खातं, ओटीपी काही म्हणजे काही मागायचं नाही. फसवणुकीच्या फोनांनी लोक इतके धसकलेत की ‘तुमची निवड झाली आहे’ हे वाक्य ऐकताच दार बंद होतं. तेव्हा ते वाक्य टाळा. ‘शहराच्या पाण्याबद्दल तुमचं मत हवंय, आठ दिवस द्यावे लागतील, दिवसाचे हजार रुपये मिळतील’ असं सरळ सांगा.

सगळ्यात नेहमीचा घोटाळा असा:

‘चिठ्ठीत तुमचं नाव निघालंय, काकू.’

‘मला काय कळतं त्यातलं? हे येतील ना. नाहीतर मुलाला पाठवते, तो इंजिनिअर आहे.’

आणि दमलेली जोडी मुलाचं नाव लिहून घेते. एक नाव बदललं तर काय बिघडलं, असं तिला वाटतं. अशी तीस नावं बदलली की सभा पुन्हा निवृत्त आणि इंजिनिअर पुरुषांची. घरच्या बाईसाठी दुसरी खेप वेगळी ठेवावी लागते, आणि त्या वेळी सासूबाई, यजमान सगळ्यांसमोर बोलून कुठे, किती वाजता, परत कोण सोडणार हे सांगावं लागतं. भरलेल्या फॉर्मांपैकी दहा टक्के घरी दुसऱ्याच माणसाने फोन करून पडताळावेत. आयर्लंडच्या त्याच सभेत २०१८ च्या सुरुवातीला उघडकीला आलं की सात बदली सदस्य सोडतीतून नव्हे, तर भरती करणाऱ्याच्या ओळखीपाळखीतून आले होते. त्यांना काढावं लागलं. सुदैवाने मुख्य विषयावरचं मतदान त्याच्या बरंच आधी झालं होतं.

१,२०० दारांतून १५ टक्के होकार धरले तर १८० जणांची यादी तयार होते. तिच्यात पदवीधर जास्त आणि रोजंदारीवाले कमी असणारच. दुसऱ्या टप्प्यात त्यातून साठ घ्यायचे, पण कोटे लावून: स्त्री-पुरुष, चार वयोगट, शिक्षण, शहराचा भाग, घर स्वतःचं की भाड्याचं की वस्तीतलं, सामाजिक प्रवर्ग. या विषयासाठी आणखी एक, पाणी कुठून येतं: नर्मदेचा नळ, बोअरिंग की टँकर. कोट्यांचा मोह आवरावा. आठ-नऊ निकषांच्या पुढे गेलात तर सगळ्यांत बसणारे साठ जण सापडतच नाहीत. विद्यमान पार्षद, पक्षांचे पदाधिकारी, निगम कर्मचारी, टँकरवाले आणि पाणी विभागाचे ठेकेदार सोडतीबाहेर. त्यांना साक्षीदार म्हणून बोलवायचं.

हे काम हाताने केलं तर कुणीही म्हणेल की आपली माणसं घुसवली. यासाठी मोफत सॉफ्टवेअर आहे, ‘पॅनेलॉट’ नावाचं, आणि त्यामागचं गणित २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय. ते कोटे पाळणाऱ्या साठ-साठ जणांच्या हजार याद्या बनवून देतं, आणि त्या अशा बेताने की ज्याची संधी सगळ्यात कमी त्याची संधी होईल तितकी वाढावी. सगळ्यांना सारखी संधी मिळत नाही, हे आधीच सांगून टाकावं. होकार देणारे निरक्षर पुरुष पाचच असतील आणि जागाही पाच असतील तर ते प्रत्येक यादीत असणार. निवृत्त पदवीधर भरमसाट असतील तर त्यातला एखादा हजारांत दोनशे याद्यांतच दिसेल. सगळ्यांची सरासरी संधी एक तृतीयांश.

याद्यांना ००० ते ९९९ क्रमांक द्यायचे. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक टाकून त्या आदल्या दिवशी भिंतीवर लावायच्या, म्हणजे ११७ क्रमांकाचा माणूस येऊन आपण किती याद्यांत आहोत ते स्वतः मोजू शकतो. मग तीन बरण्या, प्रत्येकीत शून्य ते नऊ अंकांचे चेंडू. निगमच्या शाळेतली तीन मुलं एकेक चेंडू काढतात. ४, ०, ७ निघाले की ४०७ क्रमांकाची यादी लागू, वाद संपला. वॉर्डांचं आरक्षण चिठ्ठीने ठरताना आपण बघतोच, त्यामुळे इंदुरात हे कुणाला परकं वाटणार नाही. आणखी बारा जण राखीव ठेवायचे, कारण चार-पाच गळतातच.

तारखा ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. आठ दिवस, दहा आठवड्यांत पसरलेले, बहुतेक शनिवार-रविवार. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, दिवाळी, रंगपंचमीची गेर, लग्नाचे दाट मुहूर्त, बोर्डाच्या परीक्षा वगळल्या की जून-जुलै आणि जानेवारी हातात उरतात. घरकाम करणाऱ्या बाईला रविवारी सुट्टी नसते, तिच्यासाठी सुरुवात साडेदहाच्या आधी नको. मानधन त्याच दिवशी, रोख किंवा यूपीआयने. ‘बिल सादर करा’ म्हणालात की रोजंदारीवाला दुसऱ्या दिवशी येत नाही. मुलं सांभाळायला एक खोली आणि दोन बायका. हिशेब असा: मानधन ६० गुणिले ८ गुणिले १,००० म्हणजे ४.८ लाख, दहा चालकांचे दोन लाख, दारोदारच्या फेऱ्यांचे २.४ लाख, नव्वद माणसांचं जेवण सव्वादोन लाखांच्या आत. हॉल, बस, छपाई, रेकॉर्डिंग धरून पंधरा लाखांत बसतं. २४४ कोटींच्या बाँडशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

आत गेल्यावर पहिला शत्रू म्हणजे सत्कार. दीपप्रज्वलन, हार, स्मृतिचिन्ह, मनोगत, यात पहिल्या दिवसाचा दीड तास जातो आणि मंच वर, नागरिक खाली, असं जे चित्र बसतं ते शेवटपर्यंत उठत नाही. मंचच नको. सहा-सहा जणांची दहा गोल टेबलं, दर सत्रात जागा बदललेल्या. तज्ज्ञाला दहा मिनिटं, प्रश्नांना चाळीस. प्रश्न टेबलावर आपसात बोलून ठरवायचे, म्हणजे माइक एकाच काकांच्या हाती राहत नाही. इंग्रजी स्लाइड दिसली की थांबवायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी सगळी माहिती आदल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवायची आणि सत्रात मोठ्याने वाचायची. भाषा हिंदी, पण टेबलावर कुणी माळवीत, सिंधीत नाहीतर आपल्या मराठीत बोललं तर चालकाने अडवू नये, बाकीच्यांना सांगून पुढे जावं.

बायका गप्प बसतात, ही तक्रार प्रत्येक चालक करतो. उपाय सोपे आहेत: आधी दोघांत बोलणं, मग फेरी, प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये तोडायचं नाही. तरी जमलं नाही तर एक सत्र फक्त बायकांच्या टेबलांचं. पाणी भरतं कोण, नळाला किती वाजता उठावं लागतं हे तिथे निघतं. चालकाला पाण्यातलं फार कळत नसलेलंच चांगलं. ज्याला उत्तर माहीत असतं तो नकळत टेबलाला तिकडे ढकलतो.

पहिले दोन दिवस माहितीचे. त्यातली एक सहल नर्मदेचं पाणी ज्या वाटेने चढतं त्या जलूद आणि वांचू पॉइंटची, आणि एक पहाटे पाचला टँकरवर चालणाऱ्या कॉलनीत. साक्षीदारांत निगमचे इंजिनिअर, भूजलवाले, टँकरवाले, खरगोनकडचे शेतकरी, सिरपूर तलावावर काम करणारे, असे सगळे हवेत, आणि निम्मे साक्षीदार सदस्यांनी स्वतः मागितलेले असावेत. नवी योजना मांडण्याआधी एक आकडा निगमकडून लेखी घ्यावा: जलूदला उचललेलं पाणी आणि बिलात दिसणारं पाणी यातला फरक. गळती किती ते न कळता नर्मदा योजनेच्या चौथ्या टप्प्याची चर्चा करण्यात अर्थ नाही. ‘प्रक्रियाधीन आहे’ या उत्तराला उत्तर समजायचं नाही. साक्षीदाराला परत बोलवायचं.

सहाव्या दिवशी जपानमधल्या याहाबा गावचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. तिथे २०१५ मध्ये काही रहिवाशांना वेगळे अंगरखे घालून २०६० सालचे रहिवासी म्हणून बसवलं आणि तिथून आजच्या निर्णयांकडे बघायला सांगितलं. पाण्याच्या पाइपलाइनींसाठी आत्ताच दर वाढवायला त्याच गावच्या लोकांनी मान्यता दिली. अंगरखे इंदुरात हसण्यावारी जातील, पण ‘तुमची नात २०५० मध्ये याच टेबलावर बसलीय, तिच्या बाजूने बोला’ एवढं चालतं.

शेवटचे दोन दिवस पर्यायांचे. प्रत्येक पर्यायासमोर चारच रकाने: आज किती पैसे, दरवर्षी किती, कोण देणार, पाणी कुठल्या साली येणार. मतदान गुप्त, शिफारसनिहाय, हात वर करून नाही. पोलंडच्या ग्दान्स्क शहरात महापौरांनी २०१६ पासून असा शब्द दिला होता की ८० टक्के सदस्यांनी मान्य केलेली शिफारस आपण बांधील मानू. हा आकडा मला योग्य वाटतो, पण त्याखालच्या शिफारशी आणि विरोधातली कारणं अहवालात छापलीच पाहिजेत. उंबरठा कुठे ठेवता यावर सगळं फिरतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १६० नागरिकांनी २००४ मध्ये नवी मतदानपद्धत सुचवली, सार्वमतात ५७.७ टक्के मतं मिळाली, आणि अट ६० ची होती.

फ्रान्सचा किस्सा तर शिकवणीलाच घ्यावा. हवामानावरच्या १५० नागरिकांनी २०२० मध्ये १४९ शिफारशी दिल्या. राष्ट्राध्यक्षांनी आधी म्हटलं होतं की काटछाट न करता पुढे पाठवू. पुढे बऱ्याच पातळ झाल्या, आणि २०२१ मध्ये त्याच नागरिकांनी सरकारच्या निर्णयांना दहापैकी सरासरी ३.३ गुण दिले. म्हणून निगमने वचन लहान द्यावं, पण लेखी. ‘सगळं मान्य करू’ असं नाही, तर ‘नव्वद दिवसांत प्रत्येक शिफारशीवर मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, आणि कारण’ असं. हे महापौरांच्या भाषणात नव्हे, निगम परिषदेच्या ठरावात यावं आणि दारं वाजवायच्या आधी यावं. नागरिक सभेला कायद्याचा आधार नाही, ती सल्लागारच आहे. तेव्हा हा ठराव हाच तिचा पाया. परिषदेची मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये येते. आचारसंहितेच्या तोंडावर सभा बसवली तर अहवाल ज्यांच्या हाती पडेल त्यांनी काहीच कबूल केलेलं नसेल.

साठांतून पुन्हा चिठ्ठीने आठ जण पाठपुराव्यासाठी ठेवावेत. सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्यांची पाणी विभागाबरोबर बैठक, मानधन तेच. त्यांचे दोन-दोन फोन नंबर घ्या, एक स्वतःचा आणि एक नातेवाइकाचा. भाड्याने राहणारे वर्षात घर बदलतात आणि रिचार्ज संपला की सिमही.